शेवटच्या पोरीचे पाणी

मी एक जुने टिपाड आहे. लोखंडी, दोनशे लिटरचे, एके काळी निळेभोर. पोलिसांच्या एका प्रशिक्षण मैदानाच्या कडेला, लिंबाखाली, विटांच्या ओट्यावर मी उभे असते. मैदान परभणी जिल्ह्यात आहे, एवढेच सांगते. त्याचे पूर्ण नाव माझ्या पोटावर रंगवले होते, पण निम्मी अक्षरे गंजाने खाल्ली आणि उरलेली निम्मी दरवर्षी तपासणीच्या आदल्या दिवशी घाईघाईने गिरवली जातात. गंज खरवडायला मात्र कोणाला सवड नसते.

मित्रांनो, म्हातारी भांडी गोड बोलतात अशी तुमची समजूत असेल. मी तसे नाही. गेल्या सहा वर्षांत या मैदानावर जे पाहिले, त्याने माझे डोके अगदी उठले आहे. माणसाला तोंड असते, पाय असतात, हातात शिट्टी असते, तरी समोरचे दिसत नाही. मला सगळे दिसत होते आणि बोलता येत नव्हते. यापेक्षा जास्त वैताग कोणाच्या वाट्याला आला असेल, तर त्याने पुढे येऊन सांगावे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पहिली दोन वर्षे माझ्या पोटात शेंगदाण्याचे तेल होते. गंगाखेडच्या एका दुकानात मी आडवे पडून असे आणि दुकानदार माझ्यावर बसून हिशेबाच्या चिठ्ठ्या लिहीत असे. तेलाचा स्वभाव मला तेव्हाच कळला. तेल पाण्यात मिसळत नाही, वर तरंगते, आणि ज्याला चिकटते त्याला सोडत नाही. हे ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

तेल संपल्यावर मी भंगारात गेले आणि तिथून पोलिसांनी मला उचलून आणले. व्यंकटराव नावाच्या वेल्डरने मला नवा जन्म दिला. त्यांनी माझे झाकण कापले, काठ घासून इतका गुळगुळीत केला की लहान मुलाचाही हात कापू नये, आणि बुडापासून चार बोटांवर भोक पाडून पितळी तोटी बसवली. कोठीवाल्या महारुद्रांनी विचारले, "तोटी कशाला? वरून मगानं घेतील की." व्यंकटरावांनी मान वरसुद्धा केली नाही. "पानी वाहतं पायजे," ते म्हणाले. "हात बुचकळायला हे काय रांजण हाय?"

ते दिवस चांगले होते. धावून आलेली पोरे माझ्या तोटीखाली ओंजळ धरत, मान भिजवत आणि जाताना नकळत माझ्या अंगावर थाप मारून जात. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी माझे पाणी तोंडावर मारून घेतले आणि म्हणाले, "सोय चांगली केली आहे." त्या एका वाक्यावर मी बरीच वर्षे काढली.

मग दोन गोष्टी लागोपाठ घडल्या. पहिली म्हणजे कोणीतरी तोटी नीट बंद केली नाही आणि दुपारभर थेंब थेंब पाणी गळले. महारुद्र माणूस वाईट नाहीत, पण पाण्याचा थेंब मातीत पडलेला त्यांना सोसत नाही. "पानी वाया जायलंय," म्हणत त्यांनी तोटीच काढून कपाटात ठेवली आणि माझ्या भोकात चिंधी गुंडाळलेला लाकडी खुंटा ठोकला. त्या दिवसापासून सगळे वरून घेऊ लागले. पाणी घ्यायचा मग होता एकच, तोही फुटका. म्हणून हाताने, रुमालाने, टोपीनेसुद्धा.

दुसरी गोष्ट म्हणजे मैदानावर मिरचीचा फवारा आला.

पोलिसाच्या हातात उद्या ती बाटली द्यायची, तर तिची आग काय असते हे त्याला आधी कळले पाहिजे, आणि कोणी त्याच्यावरच मारली तरी त्याने काम सोडता कामा नये, असा त्यामागचा विचार. विचार बरोबर आहे, माझी तक्रार नाही. शिकवणारे हवालदार रामप्रसाद. त्यांना सगळे उस्ताद म्हणतात. उस्तादांनी हात लांब धरून कपाळावर फवाऱ्याची एक रेघ मारायची. शिकणाऱ्या पोरीने तशाच अवस्थेत वायरलेसवर आपला नंबर आणि जागा सांगायची. मग एक मिनिट माझ्याकडे येऊन डोळे धुवायचे. शिट्टी झाली की परत जाऊन, डोळे उघडून, फळ्यावर लिहिलेला गाडीचा नंबर वाचायचा आणि पोत्याच्या माणसाला बेडी घालायची. दोनदा जमले नाही, तर रवानगी पुढच्या तुकडीत.

आता ऐका. फवाऱ्यातले तिखट तेलकट असते. पहिली पोर येते, तिखटाचे हात माझ्यात बुडवते, डोळे धुते, जाते. दुसरी येते, रुमाल बुडवून पिळते. पाचवी येईपर्यंत माझ्या पाण्यावर तांबूस साय धरलेली असते. पंधरावीपर्यंत ते पाणी राहतच नाही, पातळ ठेचा होतो. शेवटच्या पोरी डोळे धुतात म्हणजे काय करतात? उस्तादांनी कपाळावर मारलेले तिखट कमी पडले म्हणून माझ्याकडून आणखी घेऊन जातात.

आणि शेवटच्या पोरी कोण? इथे माझा संताप सुरू होतो. मैदानावर रांग उंचीप्रमाणे लागते. सगळ्यात उंच पोर पुढे, सगळ्यात बुटकी मागे. म्हणजे दर वेळी नापास होणार कोण, तर बुटक्या. उस्तादांनी दोन तुकड्या हे पाहिले आणि त्यातून शोध लावला. नव्या तुकडीला ते पहिल्याच दिवशी ऐकवू लागले, "बुटक्या पोरींत दम कमी असतो. म्या लय बगितल्यात." अहो, उंचीचा आणि डोळ्यांचा काय संबंध? माझ्यापासून वीस पावलांवर उभे राहून हा माणूस वर्षानुवर्षे हे बोलत होता. त्याने एकदा येऊन माझ्यात डोकावले असते तर बरे झाले असते.

मागच्या तुकडीत दीपिका नावाची पोर होती. पोखर्णीच्या पलीकडच्या गावची, बाप मेंढरे राखणारा. उन्हातान्हात मेंढरांमागे फिरलेली, मैदानाच्या दहा फेऱ्या मारूनही धाप न लागलेली. पण रांगेत शेवटची. दोनदा माझे पाणी डोळ्यांना लावले आणि दोनदा फळ्यासमोर आंधळ्यासारखी उभी राहिली. दुसऱ्या वेळी ती माझ्या काठाला धरून बराच वेळ थांबली होती. पुढच्या तुकडीत ये म्हणून तिला सांगितले, पण ती आली नाही. "सांगितलं न्हवतं का, दम न्हाई," उस्ताद म्हणाले. मला त्या दिवशी फुटून जावेसे वाटले, पण लोखंडाला तेही सुख नाही.

या तुकडीत ऋतिका आली. भरतीच्या मापात जेमतेम बसलेली, म्हणून शेवटची. गाव सोनपेठजवळचे. तिची आई कडूबाई दर दसऱ्यानंतर टोळीबरोबर ऊस तोडायला जाते आणि उन्हाळ्यात सोनपेठला मिरची कांडपावर काम करते. पोरगी पोलीस झाली की कोयता खाली ठेवायचा, असे कडूबाईंनी ठरवले होते. ठरवून थांबल्या नाहीत, यंदा येत नाही असे मुकादमाला सांगूनही टाकले. ऋतिकाला हे माहीत होते. त्यामुळे पहिल्या वेळी ती फळ्यासमोर नंबर वाचू शकली नाही, तेव्हा तिच्या डोळ्यांतले सगळेच पाणी मिरचीचे नव्हते.

त्या रविवारी ती माझ्यापाशी कपडे धूत होती. माझ्या ओट्यावर कपड्याच्या साबणाची वडी कायम पडलेली असते. हात ओले म्हणून तिने फोन माझ्या काठावर उभा केला आणि मोठ्या आवाजावर ठेवला.

"आई, आनखी एकदाच चान्स हाय."

"डोळे कशानं धुतलीस गं?" पलीकडून कडूबाई.

"पान्यानं. टिपाडातल्या."

"कसं?"

"कसं म्हंजे? हात घालून. समद्याच तसं धुत्यात."

कडूबाईंचा आवाज चढला. "मिरचीचा हात पान्यात घालत्यात व्हय? हितं कांडपावर आमी एकमेकीला वरून वतून देतो. एकीनं जरी हात बुडिवला, तर समद्या बाया तिला दिवसभर बोलत्यात. ते पानी फेकून द्यावं लागतं. एवढं शिकलेली मानसं तुमी, आन् हे ठाऊक न्हाई?"

मित्रांनो, सहा वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी शहाणे बोलले होते. तेही इथून वीस कोसांवर बसून, मला न बघता. माझे पत्रे थरारले असतील. ऋतिका धुणे तसेच टाकून माझ्यावर वाकली. तिने वरच्या तांबूस सायीला बोट लावले, ते जिभेच्या टोकाला लावले आणि ती थुंकली. तिला कळले.

पण माझा आनंद फार टिकला नाही, कारण कडूबाई पुढे म्हणाल्या, "आन् तोंडाला खोबऱ्याचं तेल लावून जा. देठं खुडायच्या आधी आमी हाताला लावतो, आग व्हत न्हाई."

तेल! ज्या माउलीने पाण्याचे एवढे बरोबर सांगितले, तिनेच हे सांगावे? कोरड्या मिरचीचे देठ खुडताना हाताला तेल ठीक आहे. पण हे तिखट आधीच तेलकट. तेल तेलाला मिठी मारते आणि सोडत नाही. मी दोन वर्षे तेल पोटात वागवले होते, मला विचारा. कोणी विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी ऋतिका तोटी मागायला महारुद्रांकडे गेली. कोठीचे दार माझ्यासमोरच आहे, म्हणून सगळे ऐकू आले.

"काका, टिपाडाची तोटी पायजे. बसवून घेते मी."

"अर्ज दे."

तिने अर्ज दिला. महारुद्रांनी तो चष्मा लावून दोनदा वाचला आणि म्हणाले, "ह्याच्यावर उस्तादांची सही न्हाई." ती उस्तादांकडे गेली. उस्तादांनी कागद हातातही घेतला नाही. "आधी फवाऱ्यात पास हो, मंग नळ दुरुस्त कर," म्हणाले. "हातानं पानी घ्याया काय हुतंय? उंच पोरी घेत्यातच की." तोटी माझ्यापासून पंधरा पावलांवर कपाटात पडलेली होती आणि ती पंधरा पावले चालायला साऱ्या मैदानात एक माणूस तयार नव्हता.

परीक्षेचा दिवस आला. पहिल्या वेळी राहिलेल्या पाचजणी, पाचही बुटक्या. ऋतिकाने त्यातूनही वाट काढली होती. महारुद्रांनी सकाळी मला अर्धे भरले (पूर्ण भरले तर पोरी जास्त वापरतात, असे त्यांचे म्हणणे), त्याबरोबर तिने कोणाचा हात पडायच्या आत नळीच्या धारेखालीच एक कॅन भरून घेतला आणि माझ्या मागे सावलीत ठेवला. मी मनात म्हटले, शाबास. मग तिचे तोंड पाहिले. ते उन्हात चकाकत होते. कपाळ, पापण्या, गाल, सगळीकडे खोबरेल. आईचे दोन्ही सल्ले तिने सारख्याच इमानाने पाळले होते.

चौघीजणी झाल्या. चौघींनी माझ्यात हात बुडवले. पहिल्या दोघींनी नंबर वाचला, पुढच्या दोघींना जमले नाही. मधल्या वेळात महारुद्र चक्कर मारायला आले, माझ्या मागे कॅन पाहिला, "कुनी पानी काढून ठेवलंय हे?" असे पुटपुटले आणि तो उचलून जसाच्या तसा माझ्यात रिकामा केला. मित्रांनो, मी यावर काही बोलत नाही. बोलण्यासारखे राहिलेच नाही.

ऋतिकाचे नाव पुकारले. उस्तादांनी रेघ मारली. तिने ओठ आवळून वायरलेसवर नंबर सांगितला, जागा सांगितली, आवाज जराही न कापता. मग धावत माझ्याकडे आली. माझ्यात हात घातला नाही. मागे बसून कॅन चाचपू लागली. हात मातीवरून फिरला, विटांवरून फिरला. कॅन नव्हता.

मिनिटातले निम्मे तिथेच गेले असेल. मग तिचा हात माझ्या पोटावरून खाली सरकला आणि खुंट्यावर थांबला. अर्ज लिहिण्यासाठी तिने तो दहा वेळा निरखला होता. तिने चिंधी पकडली, पाय ओट्याला लावले आणि खुंटा उपसला. सहा वर्षांनी माझे पाणी पुन्हा वाहिले. तळातले, साय न लागलेले. ती आडवी पडली आणि तोंड धारेखाली धरले.

"पानी! पानी चाललं समदं!" महारुद्र ओरडत धावले.

पण पाणी तिच्या तोंडावरून नुसते घसरत होते. तेल त्याला आत शिरू देत नव्हते. पापण्या उघडेनात. मी मनातल्या मनात ओरडत होते, साबण, बाई, साबण. तिने गालावरून बोटे फिरवली, ती सुळकन सरकली, आणि ती थांबली. "तेल," ती स्वतःशीच म्हणाली. तिचा हात ओट्यावर गेला. वडी तिथेच होती. डोळे घट्ट मिटून तिने कपड्याच्या साबणाने सगळे तोंड खसाखसा घासले आणि पुन्हा धारेखाली धरले. शिट्टी झाली, तेव्हा ती उठून उभी राहत होती.

तिचे डोळे रक्तासारखे लाल होते, पण उघडे होते. तिने फळ्यावरचा नंबर वाचला. शेवटचे दोन आकडे वाचायला वेळ लागला, पण बरोबर वाचले. मग पोत्याच्या माणसाला बेडी घातली आणि त्याच्यावरच बसून राहिली.

"पास," उस्ताद म्हणाले. त्यांना आनंद झाला होता की नवल वाटले होते, ते मला कळले नाही. त्यांनी वहीत लिहिले, टोपी काढली आणि तोंडावर पाणी मारायला माझ्याकडे आले. एरवी ते घरी जाऊन तोंड धूत. त्या दिवशी ऊन फार होते. खुंटा चिखलात पडला होता, तो महारुद्रांना सापडला नव्हता, आणि मी भोकापर्यंत रिते झाले होते. बुडाशी चार बोटे पाणी आणि त्यावर खाली उतरलेली सगळी साय. उस्तादांनी वाकून फुटका मग भरला आणि पूर्ण तोंडावर ओतला.

पुढचे मी चवीने सांगितले असते, पण ते ऐकवत नव्हते. जो माणूस साऱ्या मैदानाला उभे-आडवे करतो, तो माझ्या ओट्यावर बसून डोळे चोळत विव्हळत होता. ऋतिका मेसच्या मागच्या बोअरकडे धावली आणि बादली भरून आणली. "उस्ताद, हात लावू नका. वाका. मी वरून वतते," ती म्हणाली. आणि कांडपावरच्या बायका एकमेकींना ओततात, तसे तिने त्यांना संथ धारेने पाणी ओतले.

मग ते माझ्यात डोकावले. पहिल्यांदाच. बराच वेळ तसेच वाकून होते.

"समद्यात शेवटी कोन येतं ह्याच्यावर?" त्यांनी विचारले.

"बुटक्या, उस्ताद," ऋतिका म्हणाली.

त्यांनी महारुद्रांकडे पाहिले. महारुद्र मुकाट्याने कोठीत गेले आणि तोटी घेऊन आले. त्या दिवशी अर्ज लागला नाही. नापास झालेल्या दोघींना उस्तादांनी तिसऱ्यांदा परीक्षा द्यायला लावली, ताज्या पाण्यावर. दोघींनी नंबर वाचला. मग ते ओट्यावर बसून जुनी वही चाळू लागले आणि एका पानावर थांबले. फोन लावला. आवाज मोठा होता.

"कोन पायजे?" पलीकडे एक म्हातारा माणूस.

"दीपिका हाय का?"

"मेंढरामागं गेलीय. म्या रायभान, तिचा बाप. तुमी कोन?"

उस्तादांचा घसा मैदान ओलांडून जातो. पण या वेळी ते हळू बोलले. "म्या तिचा उस्ताद बोलतोय," ते म्हणाले. "तिला म्हनावं, ती कमी पडली न्हवती. पानीच खराब व्हतं."

"कसलं पानी?" रायभानने विचारले.

उस्तादांनी माझ्या काठावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

मित्रांनो, माझी तोटी आता जागेवर आहे. गंज अजून तसाच आहे, आणि तुमच्या घरच्या, शाळेच्या जुन्या वस्तूंचाही तसाच असेल. जमले तर तो खरवडा, वरून रंग फासू नका. पण त्याहून मोठे मागणे दुसरेच आहे. तुम्ही रांगेत पुढे असाल, तर पाण्यात हात बुचकळू नका, तुमच्या मागे कोणीतरी आहे. आणि शेवटचे कोणी नेहमीच मागे पडत असेल, तर त्याच्यात दम किती हे ठरवण्याआधी त्याच्या वाट्याचे पाणी एकदा स्वतःच्या डोळ्यांना लावून पाहा.

कडूबाईंचा कोयता सोनपेठच्या घरी आढ्याला खोचून ठेवला आहे, असे ऋतिका फोनवर सांगत होती. दीपिकाचे अजून काही कळले नाही. पुढच्या तुकडीची पहिली हजेरी सोमवारी आहे. उस्तादांनी महारुद्रांना बजावले आहे, म्हणून आज मी काठोकाठ भरलेले आहे.